मांगीलाल खोटं बोलला नव्हता

आम्ही मूळचे कोकणातले की देशावरचे, हे आता घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. पणजोबांचे पणजोबा शिंद्यांच्या दरबारी देवघराच्या कोठीवर होते, मतलब देवाला लागणारं कापूर, केशर, गुलाल, वाती हे सगळं आणायचं आणि जपून द्यायचं, आणि तेव्हापासून आम्ही उज्जैनचेच. घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि खेड्यातला माणूस आला की त्याच्याशी मालवी, अशा तीन जिभा घेऊनच आम्ही मोठे झालो. घरचे मला अण्णा म्हणतात, बाजारात भाऊसाब म्हणतात, इथं कुठल्याही दक्षिणी, मतलब मराठी माणसाला भाऊसाबच म्हणतात, नाव विचारायची गरज कुणाला वाटत नाही. तुम्ही ताई, जुन्या दुकानांवर लिहायला म्हणून आलात, ते मी सांगेनच, पण त्याच्या आधी एक वाक्य लिहून घ्या, जरा मोठ्या अक्षरात लिहा: मांगीलाल खोटं बोलला नव्हता, खोटं मी बोललो होतो. आता मांगीलाल कोण आणि खोटं कसलं हे सगळं सांगतो, फक्त मला मध्ये थांबवू नका, कारण मी थांबलो की मला पुन्हा शहाणपण सुचतं, आणि माझ्या शहाणपणानंच सगळा घोटाळा झालेला आहे.

तर आमचं दुकान गोपाळ मंदिराकडून घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. वडिलांच्या वेळेला दुकानात काय होतं तर हळद-कुंकू, जानवी, उदबत्त्या, समया, वाती, श्राद्धाचे दर्भ, तीळ. वडील एकदम कडक. कापूर ओला लागला तर गिऱ्हाईकाला स्वतःच सांगायचे, आज घेऊ नका, उद्या नवा येतोय. वडील गेले आणि मी दुकान वाढवलं. वाढवलं म्हणजे काय केलं तर लोक काय मागतात ते ऐकायला लागलो. लोक कुंकू मागत नाहीत हो. लोक म्हणतात, भाऊसाब, कुछ असर वाली चीज़ दो ना. कुणाची कोर्टात केस, कुणाची सोयरीक जमत नाही, कुणाची बदली अडलेली, कुणाचा धंदा बसलेला, आणि उज्जैन म्हणजे असं गाव की तिथं आलेल्या माणसाला वाटतं, इथून रिकाम्या हाती गेलो तर आपणच मूर्ख. मग मी सियारसिंगी ठेवली, मतलब कोल्ह्याच्या डोक्यावरचा म्हणून विकतात तो केसांचा झुपका. इंद्रजाल ठेवलं, समुद्रातल्या झाडाची म्हणून काळ्या जाळीसारखी एक फांदी असते, ती काचेच्या फ्रेममध्ये बसवून भिंतीला लावायची, घराला नजर लागत नाही म्हणतात. मी स्वतः समुद्र पाहिला तो म्हातारा झाल्यावर, नातलगाच्या लग्नाला गेलो तेव्हा, पण समुद्रातलं झाड मात्र तरुणपणापासून विकत होतो. ते झाडही नव्हे, असंख्य बारीक जीव मिळून बांधतात ते, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा हसू आलं. कुठला समुद्र, कुठली ही शिप्रा, आणि मधल्या सगळ्या देशातून ते माझ्या भिंतीपर्यंत आलं कशासाठी, तर इथल्या फ्रीगंज बाजारातल्या कुणाचं तरी दुकान चालावं म्हणून.

मांगीलाल महिदपूरच्या वाटेवरच्या एका गावचा. माझ्याहून जरा लहान. आधी मध आणायचा, मग सफेद मुसळी, पळसाची फुलं, बेलफळं. माणूस हसरा, आवाज मोठा, गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायचं की आला. दुपारच्या वेळेला यायचा म्हणून सुमती, माझी बायको, त्याला ओट्यावर पान वाढायची. पुरणपोळीचं त्याला इतकं कौतुक की खाऊन झाल्यावर विचारायचा, बाईसाब, आपके यहां त्योहार फिर कब है? आणि ती म्हणायची, तू आलास की त्योहारच असतो, कारण दोन माणसांचं जेवतोस. अशी त्यांची चेष्टा चालायची. हे मी का सांगतोय ते पुढं कळेल.

एक दिवस त्यानं मधाच्या डब्याबरोबर एक पुरचुंडी सोडली. आत वाळलेलं, तपकिरी, बोटाएवढं काहीतरी होतं, आणि काय सांगू तुम्हाला, ते हुबेहूब दोन हात जोडल्यासारखं दिसत होतं. मनगटं, मुठी, बोटांची नखंसुद्धा असल्यासारखी. मी हातात घेऊन म्हटलं, वा, कसलं मूळ आहे हे? आणि ताई, तो काय म्हणाला ते नीट लिहा. तो म्हणाला, भाऊसाब, यो जड़ नी हे. यो गोयरा को हे. गोयरा म्हणजे आपली घोरपड. नर असतो, त्याच्या पोटाखालचं, नरपणाचं अंग असतं ते, कापून वाळवलं की असं होतं. चक्रतीर्थावर, मतलब मसणवट्यात साधना करणारे एक बाबा मागतात, ते आज भेटले नाहीत, तुमच्याकडे ठेवतो, न्यायला येतील. मी ते टाकलं आणि हात धुतले. साबणानं धुतले, मग पुन्हा मातीनं धुतले. तो हसला, म्हणाला, थे तो बामण हो, म्हारी भूल हुई. पण ठेवून गेला. मी ते कागदात गुंडाळून कोपऱ्यातल्या खणात टाकलं.

बाबा काही आले नाहीत. आल्या त्या फ्रीगंजमधल्या एका कपड्याच्या व्यापाऱ्याच्या बाई. घर असं की कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मी त्यांना रुद्राक्ष दाखवायला खण उघडला आणि कागद सुटला. त्यांनी पाहिलं. भाऊसाब, ये कौन सी जड़ है? बिलकुल जैसे किसी ने हाथ जोड़े हों. बस. मी काही रचलं नाही त्या वेळेला. मी नुसता हो म्हणालो. हां, जड़ है. इतकंच. गिऱ्हाईकानं प्रश्नातच उत्तर दिलं होतं, आणि मला फक्त मान हलवायची होती. त्या म्हणाल्या, कशासाठी असते? आणि मग माझी जीभ सुटली. विंध्याच्या जंगलात होते, फार दुर्मिळ, हत्थाजोडी म्हणतात, तिळाच्या तेलात भिजवून ठेवायची, तेल प्यायली की जागृत झाली समजायचं, मग चांदीच्या डबीत शेंदूर, लवंगा, वेलदोडे घालून तिजोरीत किंवा देवघरात. हत्थाजोडी हे नाव आणि तेल-शेंदराचं मी मसणातल्या कुणा बाबांकडून कधीतरी ऐकलं होतं. मूळ मात्र माझं. इतरही गावांत इतरही दुकानदारांनी असंच मूळ म्हणून विकलं, मीच जगातला पहिला असं मी म्हणत नाही, पण आमच्या गल्लीत पहिला मी.

आता ह्यातली गोम बघा. ते गोयऱ्याचं अंग म्हणून कोण घेत होतं? मसणातले दोन-चार बाबा. तेवढ्यानं गोयरा संपला नसता. पण मी त्याला मूळ केलं, त्याला शाकाहारी केलं, आणि शाकाहारी केल्याबरोबर तो प्रत्येक घरात जाऊ शकला. वाणी, मास्तर, वकील, बँकेतले साहेब, परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या आया, सगळे लोक आले. जे अंड्याला शिवत नाहीत ते त्याला अत्तर लावून देवाशेजारी ठेवायला लागले. आमच्या स्वतःच्या देवघरात होतं. थोरल्या मुलीचं लग्न जमत नव्हतं तेव्हा सुमतीच म्हणाली, अहो, सगळ्या जगाला देता, एक घरी ठेवा की. मी काय सांगणार? आणलं. ती रोज त्याला हळदकुंकू वाहायची, ग्रहणानंतर नवा शेंदूर लावायची, आणि मी शेजारी बसून संध्या करायचो. डोळे मिटून करायचो.

मांगीलालला मी सांगितलं, आता हेच आण, आणि दुकानात कुणी विचारलं तर जड़ म्हणायचं. तो विचारात पडला. म्हणाला, म्हूं झूठ नी बोलूंगा भाऊसाब, आपके घर की रोटी खाई है, देवाच्या सामानाचं दुकान आहे. कोई पूछेगा तो चुप रूंगा. मी म्हटलं, चूप राहिलास तरी चालेल. आणि तो खरोखर चूप राहायचा. गिऱ्हाईक असलं की तो मोठ्या आवाजाचा माणूस एकदम मुका व्हायचा, पायांकडे बघत बसायचा, आणि लोकांना वाटायचं, जंगलातला माणूस आहे, लाजतोय.

सुरुवातीला तो भैरवगढच्या पुढून, शिप्रेच्या काठावरनं, विहिरींच्या फुटक्या कडांतून आणायचा. गोयरा तिथंच राहतो, बिळात, भिंतीच्या फटीत, उंदीर खातो, किडे खातो, अंडी खातो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. लोकांनी त्याचं नाव वाईट केलेलं, चावला तर पाणी मागू देत नाही म्हणतात. त्याला विषच नसतं. पण भीती होती म्हणून मारला तर कुणी हळहळायचं नाही. मग जवळचे संपले. मग मांगीलाल लांब जायला लागला, देवासच्या पलीकडे, नर्मदेपर्यंत, मग त्यानं त्याचे ओळखीचे लावले, त्यांनी त्यांचे लावले, आणि कुठून कुठून माल यायला लागला. मग आमच्या अवीनं, माझ्या मुलानं, फोनवरनं विकायला सुरुवात केली. फोटो टाकायचा, शेंदूर लावलेला, मागे लाल मखमल, खाली लिहायचं अभिमंत्रित. पार्सलं कुठं कुठं जायची म्हणून सांगू, जिथली नावं मला वाचता येत नव्हती तिथंही आपली माणसं होती आणि त्यांनाही नशीब हवं होतं. माणूस परदेशात गेला, मोठं घर झालं, गाडी झाली, तरी त्याला आणखी काहीतरी हवं असतं, आणि ते आणखी काहीतरी आमच्या मालव्यातल्या एखाद्या विहिरीच्या फटीत झोपलेलं असायचं.

नंतर जोड्या लहान यायला लागल्या. आधी बोटाएवढी असायची ती करंगळीएवढी झाली, मग त्याहून बारीक. मला कळलं नाही असं नाही. मोठे नर संपले, आता पोरं मारताहेत, हे मला दुकानात बसून कळलं. माझ्या जागी माझे वडील असते तर दुकान बंद करून घाटावर जाऊन बसले असते. मी काय केलं? मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो की लहान जोडी जास्त जागृत असते. बालजोडी. तिला भाव जास्त. आणि लोक मोठी ठेवून लहान मागायला लागले. मूळ म्हटलं ते एक वेळ जिभेनं केलं म्हणता येईल, पण हे मी डोकं चालवून केलं. रात्री झोप येत होती मला. हेही लिहा. छान झोप येत होती.

मग काही वर्षांपूर्वी एक दिवस एक गिऱ्हाईक आलं, तरुण, कपाळाला गंध, पायात चांगले बूट. त्यानं जोडी मागितली, मी दिली, त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि तिचा एक कोपरा जाळला. मुळाला लाकडाचा वास येतो ताई. ह्याला जळक्या केसांचा वास आला. सगळ्या दुकानात पसरला, उदबत्तीच्या वर चढला. तो वनविभागाचा माणूस होता, आणखी दोघं बाहेर उभे होते, आणि नेमका त्याच वेळेला मांगीलाल आतल्या बाजूला ओट्यावर बसून पोळी खात होता, पिशवी शेजारी.

मी हात जोडले. त्या वाळलेल्या जोडीसारखेच जोडले असतील. म्हटलं, साहेब, मी ब्राह्मण माणूस, मांस-मच्छी घरात नाही, मला काय माहीत जनावराचं आहे, ह्यानं मला मूळ म्हणून विकलं, इतकी वर्षं फसवलं ह्यानं मला. हे मी बोट दाखवून बोललो. मांगीलालच्या हातात घास होता. त्याच्याकडे साहेबानं बघितलं, विचारलं, क्यों रे, सही बोल रहे हैं भाऊसाब? आणि तो चूप राहिला. मी त्याला जसं राहायला सांगितलं होतं तसाच, पायांकडे बघत. आतून सुमती बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं, तिचा चेहरा कसा झाला ते मला अजून आठवतं, आणि ती आधी देवघराकडे धावली, तिथली जोडी उचलायला.

माझ्या दुकानात थोडा माल सापडला, त्याच्या घरी जास्त. माझा वकील चांगला होता, ओळखी होत्या, मी फसवला गेलेला म्हणून सुटलो. तो भैरवगढच्या जेलात गेला. वर्तमानपत्रात आलं की भोळ्या दुकानदाराची फसवणूक. आमच्या मराठी मंडळातले लोक भेटायला आले, म्हणाले, अण्णा, फार सहन केलंत. एका आजोबांनी तर सुचवलं, की गणेशोत्सवात तुम्ही ह्या विषयावर चार शब्द बोला, लोकांनी सावध राहायला हवं. आणि मी बोललो ताई. माइकवर बोललो. टाळ्या झाल्या.

मांगीलाल आत असताना त्याची बायको सुगनबाई आमच्या दारी आली. जामिनासाठी कुणाला तरी सांगा एवढंच मागायला आली होती. सुमतीनं तिला उंबऱ्याच्या बाहेर उभं केलं. मी आतल्या खोलीत होतो. सुमती म्हणाली, आमच्या देवघरात तुम्ही मांस ठेवायला लावलंत, ज्या हातानं मी वाढलं त्या हाताशी खोटं बोललात, पुन्हा ह्या गल्लीत दिसू नका, पाणीसुद्धा मिळणार नाही. सुगनबाई काही म्हणाली नाही, तिलाही नवऱ्यानं चूप राहायला सांगितलेलं असणार. ती गेली तेव्हा तिच्या चपलांचा आवाज मी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला.

तो सुटून आला हे मला कळलं होतं. पण मी गेलो नाही, तो आला नाही. दुकान पुन्हा वडिलांसारखं केलं, कुंकू, वाती, जानवी. मनात म्हटलं, झालं ते झालं. आणि मग मागच्या वर्षी इथंच उज्जैनमध्ये, देवास गेटच्या बस स्टँडवर मला त्याच्या गावचा एक ओळखीचा भेटला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मांगीलाल कसा आहे? तो म्हणाला, जिवंत आहे, पण जाजमावर नाही. जाजम म्हणजे त्यांच्या समाजाची सतरंजी असते, लग्न असो, तेरावं असो, सगळे पुरुष तिच्यावर एकत्र बसतात, तिथंच जेवण, तिथंच निवाडा. जाजमावरून उठवलेला माणूस म्हणजे आपल्यात असून नसलेला. मला वाटलं जेलात गेला म्हणून, शिकार केली म्हणून. तर तो म्हणाला, ना भाऊसाब, शिकार तर कोण करत नाही, जेलात तर कोण जात नाही. तुमच्या घरची रोटी खाऊन तुम्हाला दगा दिला म्हणून उठवलं. जिसका नमक खाया उसके भगवान में मांस रखवाया. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आपके साथ बहुत बुरा किया उसने.

त्या माणसाची बस लागली, तो गेला. मी तिथंच बाकड्यावर बसून राहिलो, तीन बसेस सुटल्या असतील. म्हणजे माझ्यासाठी, माझ्या अब्रूसाठी, ते गाव मांगीलालला शिक्षा देत होतं. मला न विचारता माझी बाजू घेऊन बसलं होतं.

घरी आलो. सुमती वाटाणे सोलत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. पहिल्या दिवसापासून सांगितलं, पुरचुंडी, हात धुणं, फ्रीगंजच्या बाई, बालजोडी, सगळं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी तिनं विचारलं, म्हणजे मी रोज कुंकू वाहायचे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, घोरपड, ती गोष्टीतली, किल्ल्यावर दोर घेऊन चढणारी, तीच ना? मी म्हटलं, तीच. तिनं आणखी दोन-चार शेंगा फोडल्या. मग म्हणाली, एका जिवाची पूजा केली ह्याचं मला काही नाही. पण सुगनबाई दारात आली त्या दिवशी तुम्ही कुठं होतात? आतल्या खोलीत. ऐकत होतात? हो. मी तिला काय काय बोलले ते सगळं ऐकलंत, आणि मला गप्प केलं नाहीत. ती म्हणाली, माझ्या तोंडून बोलवलंत हो. नंतर उठली, वाटाणे तसेच राहिले, आणि आतून म्हणाली, गावाला कधी निघायचं? मीही येणार आहे.

अवी रागावला. म्हणाला, बाबा, केस मिटली आहे, आता उकरून काय मिळणार, उलट तुम्हीच आत जाल. मी म्हटलं, ह्या वयात आत काय आणि बाहेर काय. तो म्हणाला, तुमचं वय झालं, माझं नाही. तेही खरंच आहे. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

गावात त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाची जाजम पडलेली होती, मुद्दामच तो दिवस निवडला. सगळे बसले होते, आणि मांगीलाल शाळेच्या भिंतीला टेकून, सतरंजीच्या बाहेर, मातीवर. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आहे त्याला, मी जवळ जाईपर्यंत ओळखलं नाही. त्यांच्या समाजाचे मुख्य होते त्यांनी उठून मला आपल्या शेजारी बसायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो. म्हटलं, ह्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे गोयऱ्याचं आहे. मूळ मी म्हटलं. विकलं मी. साहेबांसमोर खोटं मी बोललो, ह्याचं तोंड मीच बंद केलं होतं. ह्यानं माझ्या घरची पोळी खाल्ली आणि तिला जागला. मी नाही जागलो.

मुख्य म्हणाले, भाऊसाब, थे तो पढ्या-लिख्या हो. एवढंच. मला वाटतं, त्याहून मोठी शिवी मला कुणी दिलेली नाही. ते बाजूला सरकले, दोन्हीकडचे सरकले, जागा झाली, आणि मांगीलालला हाक मारली. तो उठला नाही. माझ्याकडे तोंड करून म्हणाला, आज कई याद आयो, भाऊसाब, आजच काय आठवलं? माझा भाऊ गेला, त्याच्या तेराव्याला मी बाहेर बसून जेवलो, वेगळ्या पत्रावळीवर, कुत्र्यांच्या शेजारी. ते तेरावं पुन्हा करता का? त्याचा आवाज मोठाच होता अजून, सगळ्यांना ऐकू गेलं. मग त्याच्या पुतण्यानं हात धरून त्याला उठवलं आणि तो जाऊन बसला. मी मात्र त्याच्याकडे बघू शकलो नाही.

सुगनबाई पाण्याचा लोटा घेऊन आली ती सुमतीपुढे उभी राहिली. बाईसाब, म्हारा घर को पाणी पीओगा? हे आदरातिथ्य नव्हतं ताई, टोमणा होता, बायकांना लगेच कळला. सुमतीनं लोटा घेतला आणि सगळा प्यायला, पदर भिजला तरी थांबली नाही. सुगनबाई हसली नाही. लोटा परत घेतला आणि आत गेली. ह्याला माफी म्हणत नाहीत, मला माहीत आहे.

निघताना मांगीलाल गावाच्या शिवेपर्यंत आला, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून. वाटेत एक जुनी विहीर लागली, एका बाजूचे दगड ढासळलेले. मी विचारलं, आता इथं गोयरा दिसतो का रे? तो म्हणाला, मला तर काहीच दिसत नाही. पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, कित्येक पावसाळ्यांत नाही, उंदीर मात्र इतके झालेत की सोयाबीनच्या पोत्यांवर औषध टाकावं लागतं, मग ते उंदीर खाऊन घुबडं मरतात. मांगीलाल म्हणाला, मारे तो म्हने ज हे. मी म्हटलं, मारले तू, पण मागवले मी. तो म्हणाला, ते तुम्ही आपापसांत वाटून घ्या. आपापसांत म्हणजे कुणाकुणात, ते त्यानं सांगितलं नाही.

आणि हेच मला खातं आहे. माणसाची चूक माणसापुढं कबूल करता येते, जाजम सरकवता येते, शिव्या खाता येतात. सुमती पाणी पिऊ शकली. पण त्या जनावरापुढं मी काय करू? त्याची जाजम कुठं पडते? एक जमात विहिरीच्या फटींतून, बांधांतून, नदीच्या दरडींतून उठून गेली, आणि आम्ही तिची वाळलेली अंगं मखमलीवर ठेवून नशीब मागत बसलो. ज्यांनी नेली त्यांचं काय भलं झालं म्हणाल, तर एकाही माणसानं परत येऊन सांगितलं नाही. आमच्या मुलीचं लग्न झालं ते तिच्या आत्यानं स्थळ आणलं म्हणून.

आता मी रोज दुकानात बसतो. कुंकू-वाती विकण्यापुरताच बसत नाही, खरं सांगायला बसतो. अजून लोक येतात. कुणाच्या मामानं सांगितलेलं असतं, कुणी जुना फोटो दाखवतो, भाऊसाब, वो जोडी मिलेगी क्या? मी त्यांना सांगतो, बाबांनो, ते मूळ नाही, घोरपडीचं अंग आहे, कायद्यानं बंद आहे, आणि मूळ म्हणून मीच विकत होतो. मला वाटायचं, हे ऐकून माणूस शहारेल, हात धुवायला जाईल, मी गेलो होतो तसा. काही जातात. पण मागच्याच आठवड्यात एक जण, चांगला शिकलेला, गळ्यात ऑफिसचं कार्ड, जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, अच्छा, जानवर का है? फिर तो और पावरफुल होगा. कहां मिलेगा? मला वाटत होतं खोट्यानं ते विकलं गेलं आणि खऱ्यानं थांबेल. तर तसं नाही. मी त्याला म्हटलं, मिळणार नाही, कुठंच नाही मिळणार, संपलं. तो म्हणाला, संपलं असेल तर भाव सांगा.

त्याला मी दुकानाबाहेर काढलं, आरडाओरडा केला, गल्लीतले जमा झाले. अवी म्हणतो, बाबांचं डोकं फिरलं आहे. असेल.

तुम्ही हे लिहाल, कुणी वाचेल, कुणी म्हणेल म्हाताऱ्यानं विकून घेतलं आणि मग पोथी वाचायला बसला. म्हणू द्या. फक्त मांगीलालचं नीट लिहा. आणि एखाद्या कुठल्या भिंतीच्या फटीत, एखाद्या पडक्या विहिरीत एखादा गोयरा अजून राहिला असेल, तर माझं एवढंच मागणं आहे, मी आयुष्यभर लोकांना असर असलेल्या चीजा दिल्या, आता शेवटी हे एक मागतो: देवानं त्याला सुखी ठेवावं, आणि तो कुणाच्याही कामाला येऊ नये.